राज्य विरुद्ध प्रेत

कागदाला तीन घड्या घातलेल्या होत्या. घडीच्या बाहेरच्या बाजूस, जिथे एरवी दाव्यातील वादी-प्रतिवादींची नावे लिहितात त्या जागी, तिरप्या आणि सुबक वळणाच्या अक्षरांत लिहिले होते : राज्य विरुद्ध अमक्याचे प्रेत. जुन्या इंग्रजी हस्ताक्षराची मला तेव्हा सवय नव्हती, त्यामुळे आपणच चुकीचे वाचतो आहोत असे वाटून मी दुसरा कागद उलगडला, मग तिसरा. सगळीकडे तेच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात कोणी आकस्मिक मेला, म्हणजे बुडून, जळून, गोळी लागून, दारूच्या नशेत रस्त्याकडेला गारठून किंवा कोणालाही न उमगलेल्या कारणाने मेला, की त्या मरणाची जी चौकशी होई तिच्या कागदांवर असे शीर्षक घालण्याचा प्रघात होता. फिर्यादी राज्य आणि समोर उभा राहायचा तो, खरे तर आडवा पडलेला असायचा तो, मेलेला माणूस. कारकुनांनी दप्तर लावण्याच्या सोयीसाठी पाडलेली ही रीत असणार, हे मलाही कळते. पण त्या दप्तरात जसजशी आत गेले तसतसे वाटू लागले की कारकुनाच्या हातून नकळत खरेच लिहिले गेले आहे. त्यांतल्या कितीतरी प्रकरणांत आरोपी कोण असे विचारले तर बोट प्रेताकडेच दाखवावे लागेल.

आम्ही सहा वर्षे जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात राहत होतो. सव्हाना नदी ओलांडली की दक्षिण कॅरोलायना सुरू होते, आणि तिथून उत्तरेकडे अर्ध्या-पाऊण तासावर एजफिल्ड नावाचे छोटे गाव आहे, जे त्याच नावाच्या काउंटीचे मुख्य ठिकाण आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी. गावाच्या मधोमध चौक, चौकाच्या कडेला १८३९ साली बांधलेले, मोठ्या खांबांचे आणि उंच पायऱ्यांचे न्यायालय. रानटी टर्की पक्ष्यांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय याच गावात असल्यामुळे चौकाच्या आसपास रंगवलेल्या टर्कींचे पुतळे उभे आहेत, आणि पहिल्यांदा येणाऱ्याची नजर न्यायालयाआधी त्यांच्याकडेच जाते. या चिमुकल्या काउंटीने राज्याला दहा गव्हर्नर दिले, याचा गावाला मोठा अभिमान आहे. मी मात्र गेले होते ते तिथल्या अभिलेखागारात, आणि तेही मैत्रिणीच्या सोबतीला, कारण तिला आपल्या घराण्यातला एक पूर्वज शोधायचा होता. तिचा पूर्वज जमिनीच्या खरेदीखतात सापडला. माझे मन त्या प्रेतांच्या गठ्ठ्यात अडकले, आणि नंतर पाच-सहा वेळा मी एकटीच तिथे गेले.

या चौकशीला इन्क्वेस्ट म्हणत आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्याला कॉरोनर. हे पद मूळ इंग्लंडातले, ११९४ सालचे, आणि त्या नावातच राजमुकुट आहे. राजाच्या हिताचे रक्षण करणारा माणूस असा त्याचा अर्थ होता; मेलेल्याच्या आप्तांचे हित हा मागाहून आलेला विचार. ज्या वस्तूने माणूस मेला ती वस्तू, मग ती गाडी असो की बैल की तलवार, किंवा तिची किंमत राजाकडे जमा होई, त्यामुळे वस्तूचे मोल कागदात नोंदणे आवश्यक ठरे. इंग्लंडने ही वसुली १८४६ मध्ये रद्द केली, पण हत्याराची किंमत लिहायची खोड कायद्याच्या भाषेतून लवकर गेली नाही. समुद्रापलीकडेही खुनाच्या आरोपपत्रात पिस्तूल इतक्या डॉलरांचे आणि काठी काहीच मोलाची नाही, असे लिहिलेले आढळते. ज्याच्या डोक्यात ती काठी बसली त्याच्या दृष्टीने हे वाक्य कसे वाटले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एजफिल्डसारख्या मुलखात कॉरोनर हा डॉक्टर नसे. तो निवडून येत असे (त्या राज्यात आजही काउंटीचा कॉरोनर पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवतो), त्याला पगारापेक्षा दर चौकशीमागे मिळणाऱ्या फीवर भागवावे लागे, आणि प्रेत सापडल्याची वर्दी आली की घोड्यावर बसून तिथवर जावे लागे. तिथे पोचल्यावर तो आसपासच्या शेतांवरून डझनभर किंवा त्याहून थोडे अधिक पुरुष गोळा करी. हे त्याचे ज्यूरर, म्हणजे आपल्या भाषेत पंच. त्यांना शपथ देऊन प्रेताभोवती उभे केले जाई, कारण प्रत्यक्ष प्रेत पाहिल्यावाचून चौकशी ग्राह्य धरली जात नसे. साक्षी होत, गावातला डॉक्टर मिळाला तर तो शरीर तपासून चार ओळी लिहून देई, आणि मग ठरावीक साच्यातला निकाल तयार होई : अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, तिथे मृतावस्थेत असलेल्या अमक्याचे शरीर पाहून, तो कुठे आणि कोणत्या कारणाने मरण पावला याची राज्याच्या वतीने चौकशी करण्यासाठी शपथ घेतलेले आम्ही पंच आपल्या शपथेवर सांगतो की... त्या ‘की’च्या पुढे जे काही येई त्याखाली सगळ्यांच्या सह्या असत, आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या नावाच्या मधोमध एक फुली. फुलीच्या वर बारीक अक्षरात ‘त्याची’ आणि खाली ‘निशाणी’.

ती फुली पाहिली आणि मला आजोबांची आठवण झाली. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात पोलीस पाटील होते. मुंबई शहरात कॉरोनरची पद्धत इंग्रजांनी आणली होती, १८७१ चा कायदा तिला होता आणि मुंबईचे कॉरोनर कोर्ट थेट १९९९ पर्यंत टिकले. पण शहराबाहेरच्या महाराष्ट्राला हे पद कधी ठाऊक नव्हते. तिथे फौजदार येई, शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलावी आणि मरणोत्तर पंचनामा करी. प्रेत उताणे असून डोके उत्तरेस व पाय दक्षिणेस आहेत, डोळे अर्धवट मिटलेले, अंगावर अमुक रंगाचे लुगडे, गळ्यात काळी पोत. ही वाक्ये आजोबांना तोंडपाठ होती. मी दहा वर्षांची असताना आमच्या भावकीतली एक सून विहिरीत सापडली आणि पंचनाम्यात ‘पाणी आणण्यास गेली असता पाय घसरून’ असे आले. त्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी बसलेल्या बायका वेगळे काहीतरी बोलत होत्या आणि मी जवळ गेले की गप्प होत होत्या. घसरून पडणाऱ्या बाईची घागर काठावर नीट ठेवलेली कशी राहते, हा प्रश्न पंचांपैकी कोणीही विचारला नाही. सगळे आमच्याच घरातले होते. आजोबांनी कागदावर सही केली, हात धुतले आणि जेवायला बसले नाहीत, एवढे मला आठवते.

म्हणून एजफिल्डचे कागद मला परके वाटले नाहीत. पंचांची नजर कुठे जाते आणि कुठे जाऊन थांबते, हे मला लहानपणीच ठाऊक झाले होते. शरीरावर ती नजर बारकाईने फिरते. जखम किती इंच लांब, किती खोल, कानाच्या वर की खाली, गोळी कुठून शिरली आणि कुठे अडकली, हे सारे मोजून लिहिलेले असते. शरीराच्या भोवती उभ्या असलेल्या माणसांकडे ती वळली की एकाएकी अधू होते, आणि ती उभी असलेली माणसे पंच स्वतःच असतात. जिथे अंगावर खूण नाही तिथे निकालात एक ठरलेला इंग्रजी शब्दप्रयोग येई, ज्याचा शब्दशः अर्थ ईश्वराची भेट किंवा ईश्वराचा फेरा असा काहीतरी होतो. त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे : देवाज्ञा. हृदय थांबले, मेंदूत रक्तस्राव झाला, आतड्याला पीळ पडला, किंवा ज्याबद्दल बोलायचे नाही असे काही घडले, तरी देवाज्ञा. ज्या काळात गावच्या डॉक्टरकडे मरणाचे कारण शोधण्याची साधने फारशी नव्हती त्या काळात हा शब्द प्रामाणिकही असू शकतो, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या आड दडवणे किती सोपे होते, हेही.

हा मुलूख कापसाचा आणि गुलामांचा होता. १८६० च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलायनाच्या ७,०३,७०८ लोकसंख्येपैकी ४,०२,४०६ माणसे गुलाम होती, आणि एजफिल्डमध्येही गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या जास्त होती. गुलाम मेला तरी त्याची चौकशी होई, ही गोष्ट मला सुरुवातीला आश्चर्याची वाटली. ज्याला जिवंतपणी कायदा माणूस मानायला तयार नव्हता त्याच्या प्रेतासाठी डझनभर गोरे शेतकरी कामधंदा टाकून शपथ घेत. यात दया असेलही, पण मालमत्तेचा हिशेबही होता, आणि आपल्या हद्दीत होणारे प्रत्येक अपमृत्यू राज्याला कळले पाहिजेत हा जुना राजशाही आग्रहही. कागदावर मृताचे नाव एका शब्दाचे असते, आडनाव नसते, त्याच्यापुढे ‘अमक्याची मालमत्ता’ असे येते, आणि तिथे मात्र नाव-आडनाव पूर्ण.

मारहाणीने गुलाम मेला तर काय होई, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट आहे. १७४० च्या कायद्यानुसार गुलामाला जाणूनबुजून ठार मारणाऱ्यास सातशे पौंड दंड होता आणि रागाच्या भरात किंवा ‘अवाजवी शिक्षा’ करताना मारले तर साडेतीनशे. तिथे इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ सुधारणे, चूक दुरुस्त करणे असा होतो. म्हणजे चाबकाने फोडून काढणे ही दुरुस्ती, आणि माणूस मेला तर दुरुस्ती थोडी जास्त झाली. जवळपास दुसरा कोणी गोरा साक्षीदार नसेल तर आरोपीने स्वतःच शपथेवर आपण निर्दोष असल्याचे सांगून सुटावे, अशीही सोय त्या कायद्यात होती. १८२१ साली कायदा बदलला आणि गुलामाच्या खुनाला फाशीची शिक्षा आली, पण आवेगात झालेल्या हत्येला जास्तीत जास्त पाचशे डॉलर दंड आणि सहा महिने कैद एवढेच राहिले. आणि सर्वांत मोठी मेख तशीच राहिली : गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालत नसे. वाड्यामागच्या आवारात, कापसाच्या ओळींत, जिनिंगच्या खोलीत जे घडले ते पाहणारे डोळे बहुतेक वेळा काळेच असत. गुलामगिरीने एक असा समाज उभा केला होता ज्यात ज्याने पाहिले त्याला बोलता येत नव्हते आणि ज्याला बोलता येत होते त्याने पाहिलेले नसे. चौकशीच्या कागदावर पाठीवरच्या वळांचे वर्णन करणारा डॉक्टर भेटतो. ते वळ कोणाच्या हातचे हे पानभर शोधूनही सापडत नाही.

तान्ह्या मुलांचे कागद मी फार वेळ वाचू शकले नाही. आईच्या कुशीत झोपलेले मूल सकाळी मेलेले आढळले की ‘आईने अंगाखाली चिरडले’ असे ठरे, आणि गुलाम स्त्रियांच्या बाबतीत हे इतके सर्रास होई की मालक लोक ही या बायांची जातच निष्काळजी असे बोलून मोकळे होत. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकारांनी जनगणनेतल्या मृत्यूंच्या नोंदी महिन्यांनुसार आणि वयांनुसार लावून पाहिल्या, तेव्हा त्या मरणांचा नमुना ज्याला आज अर्भकाचा अचानक मृत्यू म्हणतात त्याच्याशी जुळणारा निघाला. गरोदरपणीचे उपासमारीचे जेवण आणि शेवटच्या महिन्यांपर्यंतचे शेतातले काम हे त्याच्या मुळाशी असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे त्या बाईचे मूल गेले, वर तिच्यावर ते मारल्याचा शिक्का बसला, आणि ज्याने तिला नांगरटीला जुंपले होते त्याने पंच म्हणून सही केली असण्याचीही शक्यता आहे.

बाकीचे मृत्यू वाचताना मात्र गावगाड्याचे चित्र उभे राहते, आणि ते सगळेच काळेकुट्ट नाही. उघड्या चुलाणाजवळ खेळणाऱ्या पोरीचा सुती झगा पेटतो. गिरणीच्या बंधाऱ्यावर पोहायला गेलेला मुलगा वर येत नाही. झाड नको त्या बाजूला पडते, खेचर उधळते, वीज कोसळते. आणि दारू, दारूशिवाय या दप्तराची चार पाने पुढे सरकत नाहीत. न्यायालयात लिलावाचा दिवस असला, निवडणूक असली की लोक गावात येत, व्हिस्की चढे, कुत्र्यावरून, कुंपणावरून किंवा पत्त्यांच्या डावावरून बोलाचाली होई, आणि ज्याच्या कमरेला सुरा तो तो बाहेर काढी. मारणारा आणि मरणारा बहुधा एकमेकांचे शेजारी असत, कधी मेहुणे. इथे पंच मोकळेपणाने नावे घेतात, कारण सगळ्यांनीच पाहिलेले असते.

थोरामोठ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या हिंसेला मानाचे नाव होते. १८४० साली एजफिल्डमध्ये राजकारणावरून लुई विगफॉल या तरुण वकिलाचे ब्रुक्स घराण्याशी वितुष्ट आले, आणि त्याने वडीलधाऱ्या ब्रुक्सची बदनामी करणारा कागद न्यायालयापाशी चिकटवला. तो काढायला आलेला थॉमस बर्ड हा ब्रुक्सांच्या नात्यातला मुलगा विगफॉलच्या गोळीने मेला. जागा कोणती, तर तेच वर्षभरापूर्वी उभे राहिलेले नवे न्यायालय. मी त्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला आहे, तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. त्यानंतर त्याच वर्षी सव्हाना नदीतल्या एका बेटावर विगफॉल आणि प्रेस्टन ब्रुक्स यांचे द्वंद्व झाले, दोघेही जखमी झाले, आणि ब्रुक्सच्या कमरेत शिरलेल्या गोळीमुळे त्याला पुढे हातात काठी घेऊन चालावे लागले. सोळा वर्षांनी, २२ मे १८५६ रोजी, हाच प्रेस्टन ब्रुक्स अमेरिकेच्या संसदेत सभासद होता. गुलामगिरीविरुद्ध भाषण करताना एजफिल्डच्याच सिनेटर अँड्र्यू बटलरचा उपमर्द केला म्हणून त्याने चार्ल्स समनर या सिनेटरला सभागृहातल्या त्याच्या मेजापाशी गाठले आणि हातातली गटापर्चाची काठी तुटेपर्यंत डोक्यात हाणली. समनरला पूर्ण बरे होऊन कामावर यायला तीन वर्षे लागली. ब्रुक्सला तीनशे डॉलर दंड झाला, आणि दक्षिणेतल्या चाहत्यांनी त्याला नव्या काठ्या भेट म्हणून पाठवल्या. विगफॉल टेक्सासला गेला आणि तिथून सिनेटर झाला. गल्लीत सुरा काढणारा आणि पायरीवर पिस्तूल काढणारा यांच्यात फरक एवढाच दिसतो की पहिल्याचे नाव फक्त कॉरोनरच्या कागदावर उरले.

अमेरिकेचे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी संपली, १८६८ ची नवी राज्यघटना आली, आणि दप्तराचा पोत बदलला. आता काळा माणूस शपथेवर बोलू शकत होता. पंचांच्या यादीत काळी नावे दिसू लागली, आणि साक्षींच्या खाली फुल्यांची संख्या वाढली. ज्यांना अक्षर शिकवणे १८३४ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते ती माणसे दुसरे काय करणार? (त्याच एजफिल्डमध्ये डेव्ह नावाचा एक गुलाम कुंभार होता, जो कायदा धाब्यावर बसवून आपल्या मोठाल्या रांजणांच्या ओल्या मातीत दोन-दोन ओळींच्या कविता कोरत असे. १८५७ च्या एका रांजणावर त्याने, माझी सगळी नातीगोती कुठे असतील कोण जाणे, अशा अर्थाचे लिहिले आहे. त्या गावातून निघताना मला सर्वांत जवळचा वाटलेला कागद मातीचा होता.) गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या सरकारच्या मुक्तजन विभागाने खून आणि अत्याचार यांच्या वेगळ्या नोंदवह्या ठेवायला सुरुवात केली, कारण ते पुरेशा प्रमाणात घडत होते.

आणि मग हॅम्बर्ग. हे गाव सव्हानाच्या काठावर, ऑगस्टाच्या अगदी समोर होते. पूर्वी ते एजफिल्डमध्येच मोडत असे. १८७१ मध्ये एकन ही नवी काउंटी काढली तेव्हा त्यात गेले. कधीकाळी चार्ल्सटनहून आलेल्या रेल्वेचे हे शेवटचे स्टेशन असल्यामुळे तिथे कापसाचा व्यापार गजबजलेला होता. युद्धाआधीच व्यापार गेला होता, आणि युद्धानंतर मोकळ्या घरांत मुक्त झालेले काळे लोक येऊन राहिले. तिथला न्यायाधिकारी प्रिन्स रिव्हर्स हा होता. हा माणूस गुलाम म्हणून जन्मला, ब्यूफोर्टच्या मालकाचा कोचमन होता, युद्धात पळून उत्तरेच्या बाजूला मिळाला, काळ्या सैनिकांच्या पहिल्या पलटणीत सार्जंट झाला, आणि १ जानेवारी १८६३ या मुक्तीच्या दिवशी त्याच्या हाती पलटणीचा ध्वज देण्यात आला. पुढे तो घटना समितीत गेला, आमदार झाला, एकन काउंटी स्थापन करण्यात त्याचा हात होता.

४ जुलै १८७६ रोजी, देशाच्या शंभराव्या वाढदिवशी, हॅम्बर्गच्या रस्त्यावर काळ्या स्वयंसेवकांची कवायत चालू असताना दोन गोरे जमीनदार बग्गीतून आले आणि वाट सोडा म्हणू लागले. वाट शेवटी मिळाली, पण तक्रार रिव्हर्सच्या कोर्टात गेली. ८ जुलैला सुनावणीच्या दिवशी मॅथ्यू बटलर आला. हा युद्धात पाय गमावलेला जनरल, आणि ज्याच्या अपमानावरून समनरने मार खाल्ला त्या अँड्र्यू बटलरचा पुतण्या. त्याच्यामागे शेकडो हत्यारबंद गोरे होते. काळ्या स्वयंसेवकांच्या पलटणीने बंदुका खाली ठेवाव्यात अशी मागणी झाली, पलटणीने नकार देऊन एका विटांच्या इमारतीत आसरा घेतला, आणि नदीपलीकडून, म्हणजे आमच्या ऑगस्टाहून, तोफ आणली गेली. गोळीबारात मॅकी मेरिवेदर नावाचा एक गोरा तरुण पडला. काळोख झाल्यावर पळणारे पकडले गेले, दोन डझनांहून अधिक माणसांना वर्तुळ करून बसवले गेले, आणि मध्यरात्रीनंतर त्यांतल्या काहींना नाव पुकारून एकेकटे बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. त्या रात्री मेलेल्यांत गावचा मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, जेम्स कुक होता आणि काउंटीचा कमिशनर अटवे होता.

प्रेतांवर चौकशी बसवली ती रिव्हर्सने. कॉरोनरचे काम त्याच्याकडे आले, पंच शपथेवर बसले, आणि या वेळी नजर शरीरावरून उठून वर गेली. साक्षीदारांनी पाहिले होते, ते बोलू शकत होते, आणि पंचांनी ९४ गोऱ्या माणसांवर नावानिशी आरोप ठेवला. त्या नावांत एजफिल्डचा बेंजामिन टिलमन हा तरुण शेतकरीही होता. मी आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या इन्क्वेस्टच्या कागदांत मला हा एक असा वाटतो, ज्याच्या शीर्षकात प्रेत असले तरी आरोपी प्रेत नव्हते. पण कॉरोनरचा अधिकार कागद पूर्ण होईपर्यंतच असतो. त्याच्यापुढे खटला भरणारे, आरोप खटल्याला उभा करायचा की नाही हे ठरवणारी ग्रँड ज्यूरी, राज्यपाल आणि निवडणूक असते. आरोपी जामिनासाठी एकनला गेले ते मुद्दाम लाल डाग पाडलेले सदरे घालून, मिरवत. त्या शरदातल्या निवडणुकीच्या धामधुमीत एलेन्टन परिसरात आणखी कितीतरी काळी माणसे मारली गेली, राज्यात सत्ता पालटून गोऱ्यांच्या हाती गेली, १८७७ मध्ये केंद्राची फौज परत गेली, आणि ९४ पैकी एकावरही खटला चालला नाही. बटलर त्याच वर्षी सिनेटवर गेला. टिलमन १८९० मध्ये गव्हर्नर झाला, नंतर मरेपर्यंत सिनेटर राहिला, आणि म्हातारपणी हॅम्बर्गच्या रात्रीच्या गोष्टी जाहीर सभांत सांगत असे. पंचांनी त्याच्याविरुद्ध जे लिहिले त्याला त्याने स्वतःच दुजोरा दिला, म्हणायचे.

त्यानंतरच्या दशकांत दक्षिणेतल्या चौकशांचा शेवट एका नव्या साच्यात होऊ लागला : मृत्यू ‘पंचांस अज्ञात असलेल्या इसमांच्या हातून’ झाला. दिवसाढवळ्या, तुरुंगातून काढून, तोंड न झाकलेल्या शेकडो लोकांनी एखाद्या काळ्या माणसाला झाडाला टांगले तरी इसम अज्ञात. टिलमनने गव्हर्नर असताना १८९२ मध्ये जाहीर केले होते की बलात्काराच्या आरोपातल्या काळ्या माणसाला टांगणाऱ्या जमावाचे नेतृत्व करायला आपणही तयार आहोत. राज्याचा प्रमुखच असे म्हणत असताना गावचा पंच कोणाला ओळखणार? मला पुन्हा ती घागर आठवते. अज्ञात हा शब्द तिथेही न लिहिता लिहिलेला होता.

हॅम्बर्ग आता नाही. पुरांनी ते पुसून टाकले, आणि त्या जागेच्या आसपास आज नॉर्थ ऑगस्टा पसरले आहे. तिथल्या एका उद्यानात १९१६ साली मेरिवेदरच्या नावाने उभारलेला उंच स्तंभ आहे, ज्यावर त्याने अँग्लो-सॅक्सन संस्कृतीसाठी प्राण दिले अशा आशयाचा मजकूर कोरला आहे. मेलेल्या काळ्या माणसांची नावे असलेला साधा फलक बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये लागला. रविवारी सकाळी मी तिथे गेले तेव्हा एक आजोबा नातवाला स्तंभावरचा मजकूर वाचून दाखवत होते. फलकापर्यंत ते गेले की नाही हे मी थांबून पाहिले नाही.

प्रिन्स रिव्हर्सची सगळी पदे सत्तापालटात गेली. पोटासाठी त्याने पुन्हा लगाम हातात घेतला आणि १८८७ मध्ये मरेपर्यंत तो एकनमध्ये कोचमन होता. एकन ही काही मोठी वस्ती नव्हती. त्याच्यासमोर शपथेवर नोंदल्या गेलेल्या ९४ जणांपैकी कोणी ना कोणी कामासाठी गावात येतच असणार, स्टेशनवर उतरून बग्गी शोधत असणार. तो त्यांना नावानिशी ओळखत होता. दार उघडून धरताना तो त्यांना काय म्हणत असेल?